पिल्लू पाहायला गेलात की आधी त्याची आई दाखवायला सांगा

घाटकोपरच्या एका वडिलांनी विचारलंय: मुलगी पुढच्या महिन्यात दहा वर्षांची होईल. दोन वर्षं कुत्र्यासाठी मागे लागली आहे. एका दुकानात काचेमागे शिट्झूचं पिल्लू पाहिलं. पंचेचाळीस दिवसांचं आहे, एक लस झाली आहे, किंमत अठरा हजार, 'विदाउट पेपर' घेतलं तर कमी करतील. मुलीने हातात घेतल्यावर ते तिचं बोट चाटत राहिलं, आता ती दुसरं काही बोलत नाही. घ्यावं का? घेताना काय तपासावं?

मुलीसाठी कुत्रा जरूर आणा. दहा वर्षांचं मूल आणि कुत्रा यांची जोडी छान जमते. पण त्या दुकानातून आणू नका. एवढंच सांगून माझं काम संपत नाही, हे बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला पुरतं कळलंय. लोक मान डोलावतात आणि शनिवारी संध्याकाळी खोक्यात पिल्लू घेऊन दवाखान्याच्या पायरीवर उभे असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते पंचेचाळीस दिवस. मुंबईत कुठल्याही दुकानात पिल्लाचं वय विचारा, उत्तर बहुधा हेच मिळतं. देशात कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ सालचे आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ सालचे नियम आहेत. त्यानुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. म्हणजे दुकानदार जे वय छातीठोकपणे सांगतो, त्या वयाचं पिल्लू विकणंच बेकायदा आहे. आणि पुष्कळदा तेवढंही वय नसतं. माझ्याकडे असं पिल्लू आलं की मी पहिल्यांदा त्याच्या तोंडात बोट घालते. पुढचे बारीक दात आणि सुळे तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात फुटतात, दुधाच्या दाढा साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात. पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाच्या मागच्या हिरडीवर बोटाला दाढांची टोकं लागायला हवीत. कितीतरी पिल्लांची हिरडी तिथे तान्ह्या बाळासारखी गुळगुळीत लागते. ते पिल्लू महिन्याचं असतं. अजून आईच्या अंगाखाली असायला हवं होतं, ते टेबलावर थरथरत उभं असतं.

इतकं लहान का विकतात? कारण लहानच विकलं जातं. महिन्याचं पिल्लू तळहातावर मावतं, चाटतं, मांडीवर झोपी जातं. तीन महिन्यांचं झालं की पाय लांब होतात, तोंड निमुळतं होतं, गिऱ्हाईक पुढे निघून जातं. तेवढे दिवस त्याचं खाणं, लसी, जंताचं औषध हे सगळं दुकानदाराच्या अंगावर पडतं.

पण आठ आठवडे हा आकडा कोणी उगाच ठरवलेला नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू कुत्रा होणं शिकत असतं. भावंडाचा कान जोरात चावला की ते किंचाळतं आणि खेळ थांबतो. आईला दात लागला की ती गुरकावून उठून जाते. चावा किती जोराचा घ्यायचा, हे पिल्लू असं शिकतं. ज्याला हे शिकायला मिळालं नाही ते सहाव्या महिन्यात घरातल्या मुलांचे हात फोडून काढतं, आणि मग आईवडील मला विचारतात, "डॉक्टर, हा इतका चिडका कसा निघाला?" शी-शूचंही तसंच. पिल्लू मुळात झोपायची जागा घाण करत नाही. चार आठवड्यांचं झालं की आपल्या पायांनी बाजूला जाऊन करतं. पिंजऱ्यात बाजूच नसते. जिथे झोप, तिथेच शी. ही सवय एकदा मोडली की घरात आणल्यावर ती लावताना नाकी नऊ येतात. माणसं पिल्लाला ओरडतात, क्वचित मारतात. चूक त्याची नसते.

आता आजारपण. तुम्ही विचारलंत, घेताना काय तपासावं. डोळे, नाक, कान, शेपटीखालची जागा हे सगळं तपासता येतं, तपासावंही. पण ज्याने पिल्लं सर्वांत जास्त दगावतात तो पार्व्हो त्या दिवशी दिसत नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून उलट्या-जुलाब सुरू होईपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून जास्त. डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूच्या आजाराला तर आठवडा ते चार आठवडे लागतात. एका दुकानात चार ठिकाणांहून आलेली पिल्लं एकमेकांच्या शेजारी असतात, एकच माणूस एकाच फडक्याने सगळे पिंजरे पुसतो. तुम्ही घेता त्या दिवशी पिल्लू उड्या मारत असतं. ते कोणी फसवून दाखवलेलं नसतं, त्या दिवशी ते खरंच बरं असतं.

"एक लस झाली आहे" यावर फार विसंबू नका. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला संरक्षण मिळतं, पण तेच संरक्षण लशीलाही निकामी करतं. ते कुठल्या आठवड्यात ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून आम्ही सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस देत राहतो. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. तिसाव्या दिवशी टोचलेल्या एका सुईने पिल्लू सुरक्षित होत नाही. शिवाय ती सुई कोणी टोचली? लस दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते. कार्ड उघडून पाहा: लशीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं आहे का, त्यावर बॅच नंबर आणि मुदतीची तारीख आहे का, खाली डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे का. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी कार्डांवर फक्त बॉलपेनाने एक तारीख लिहिलेली असते.

गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगते. एक आई आणि तिचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा. मुलाच्या छातीशी बुटांचं खोकं, त्यात मऊ टॉवेल, टॉवेलात बीगलचं पिल्लू. घरी आणून पाचवा दिवस. आदल्या रात्री दोनदा उलटी झाली होती, दुकानात फोन केला तर "जागा बदलली की होतं, ग्लुकोज पाजा" असं उत्तर मिळालं. त्यात रात्र गेली. खोक्याचं झाकण उघडलं आणि टेबलापाशी येईपर्यंत मला वास आला. पार्व्होच्या जुलाबाचा वास एकदा घेतला की विसरत नाही, रक्त आणि सडलेल्या आतड्याचा. टेस्ट किटवर दुसरी रेघ दहा मिनिटांच्या आत उमटली. वजन एक किलो शंभर ग्रॅम. पुढच्या पायाची शीर सुतळीच्या धाग्याएवढी, त्यात पाण्याच्या कमतरतेने बसलेली. तिसऱ्या प्रयत्नात सुई लागली. मुलगा रडत नव्हता. सलाईनच्या नळीत थेंब पडत होते, ते मोजत होता. चार दिवस ते लोक रोज सकाळ-संध्याकाळ लोकलने आले. चौथ्या दिवशी दुपारी पिल्लू गेलं.

दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत, पण दुसरं पिल्लू देऊ केलं. बदली. मुलाचं रडं थांबेना म्हणून त्या बाईंनी ते घेतलं. घर फिनेलने दोनदा पुसून काढलं होतं. पण पार्व्होचा विषाणू फिनेलने मरत नाही, फरशीच्या सांध्यांत आणि चटईत तो कित्येक महिने टिकतो. आधी जागा साबणाने नीट धुऊन मग घरगुती ब्लीच, एका भागाला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवावं लागतं. हे मी त्यांना तेव्हाच बजावून सांगायला हवं होतं. मला वाटलं, त्या लगेच दुसरं आणणार नाहीत. तेव्हापासून पिल्लू गेलेल्या प्रत्येक घराला मी हे कागदावर लिहून देते. दुसरं पिल्लूही आजारी पडलं. ते वाचलं, सहा दिवसांच्या सलाईननंतर. पण त्या घराने महिन्याभरात काय सोसलं, ते मी पाहिलंय.

सगळी पिल्लं मरत नाहीत, तसं मी म्हणणारही नाही. पुष्कळ जगतात. पण पोटात जंत, अंगावर गोचीड, खोकला, खरूज घेऊन येतात. खरूज आणि गजकर्ण माणसांनाही होतं, आठवड्याभरात घरातले सगळे दंड खाजवत येतात.

पुढचा मुद्दा माझ्या मते सर्वांत मोठा आहे. परळच्या आमच्या व्हेटर्नरी कॉलेजात, जे १८८६ पासून चालू आहे, आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलं जायचं की जनावर बोलत नाही, तेव्हा हिस्टरी नीट घ्या. दुकानातल्या पिल्लाची हिस्टरी कोणाकडे मागायची? ते कुठे जन्मलं, भावंडं किती होती, त्यातली किती जगली, आईला कंबरेचा त्रास आहे का, बापाला फिट येतात का, यातलं दुकानदाराला काहीच ठाऊक नसतं. त्याच्याकडे ते रात्रीच्या लक्झरी बसमधून क्रेटमध्ये येतं. काचेमागे पिल्लू असतं, आई नसते. आई दिसली असती तर तुम्ही ते घेतलं नसतं, म्हणूनच ती तिथे नसते.

मी अशी एक आई पाहिली आहे. शिट्झूच, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते. ठाण्याच्या पुढे हायवेला कोणीतरी सोडून दिलेली, एका मुलीने उचलून माझ्याकडे आणली. दातांवरून वय सहा-सात. स्तन पोटापासून लोंबून जमिनीला घासत होते, त्यांना जखमा. केसांच्या गाठी इतक्या घट्ट की मशीन चालेना, कात्रीने तासभर कापत बसलो, आणि खालची कातडी लालभडक निघाली. पुढच्या पंजांची बोटं फाकलेली होती, जाळीच्या तळावर वर्षानुवर्षं उभं राहून फाकतात तशी. केस कापून झाल्यावर तिला दवाखान्यामागच्या छोट्या अंगणात सोडलं. तिने गवतावर एक पाय ठेवला आणि उचलून घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. गवत काय असतं ते तिला माहीतच नव्हतं. सिझेरियनच्या दोन जुन्या खुणा होत्या. नियम सांगतो की अठरा महिन्यांच्या आत मादीला लावायचं नाही, आयुष्यात पाचांपेक्षा जास्त वेत घ्यायची नाहीत. तिची किती झाली असतील, मोजायला कोण होतं?

तुमच्या मुलीचं बोट चाटणाऱ्या पिल्लाची आई अशीच असेल, असं मी खात्रीने म्हणत नाही. पण तशी नाही हे तुम्हाला कोणी दाखवूही शकणार नाही.

यावर हमखास येणारं एक वाक्य आहे, तुमच्याही मनात असेल: "डॉक्टर, मग त्या पिल्लाचं काय? आपण नाही घेतलं तर ते तिथेच मरेल." हे बोलणारी माणसं मनाने फार चांगली असतात, म्हणून हे सांगताना मला जड जातं. तुम्ही अठरा हजार देऊन त्या एका पिल्लाला बाहेर काढाल. सोमवारी त्याच पिंजऱ्यात नवीन पिल्लू येईल, कारण तो पिंजरा कमाई करतो हे तुम्ही सिद्ध केलेलं असेल. आणि कुठेतरी त्या आईला पुढच्या माजाला पुन्हा लावलं जाईल. दया येत असेल तर दुकानाचं नाव, पत्ता, तारीख लिहून घ्या, फोटो काढा. नोंदणीचा दाखला दर्शनी भागात लावलेला आहे का पाहा. दाखला राज्य प्राणी कल्याण मंडळाचा हवा. नसेल तर मंडळाकडे आणि पोलिसांकडे लेखी तक्रार करा. प्राण्यांशी क्रूरता रोखण्याचा कायदा १९६० चा आहे आणि त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हा आकडा वाचून तुम्हाला राग येईल, मलाही येतो. पण नोंदणी नसणं, वय कमी असणं या तक्रारी लेखी साठत गेल्या तर दुकानाला त्या जड जातात. पैसे देऊन केलेली पिल्लाची सुटका दुकानदाराला हवीच असते.

दुकानात कानावर पडणाऱ्या काही शब्दांविषयी थोडक्यात. 'डबल बोन लॅब' असं काही नसतं. सगळ्या लॅब्रेडॉरची हाडं सारखीच. जाड पायांचं पिल्लू दाखवून जास्त पैसे घेण्यासाठी तो शब्द आहे. 'टीकप' नावाची जात नाही. ते अशक्त, अपुऱ्या दिवसांचं किंवा उपाशी ठेवलेलं पिल्लू असतं, साखर उतरून रात्रीत जाऊ शकतं. 'विदाउट पेपर' म्हणजे सवलत नव्हे, तर आईबाप कोण ते सांगायची जबाबदारी कोणी घेत नाही असा त्याचा अर्थ. आणि पेपर असले तरी केनेल क्लबच्या कागदावर वंशावळ असते, तब्येत नसते. बर्फाळ प्रदेशातल्या हस्कीचं तर नावच काढू नका, मे महिन्यातल्या मुंबईत ते कुत्रं जिभेने धापा टाकत फरशीला चिकटून पडलेलं मला बघवत नाही.

मग कुठून आणायचं? तुम्हाला शिट्झूच हवं असेल तर पैदास करणाऱ्याच्या घरी जा. घरी म्हणजे घरी. 'मी स्टेशनवर घेऊन येतो' म्हणाला तर तिथेच फोन ठेवा. आई दाखवायला सांगा. ती पिल्लांजवळ मोकळी असावी, तुमच्याकडे येऊन हात हुंगावा, मालकाला बघून शेपटी हलवावी. जमलं तर बापही बघा. त्यांच्या तपासण्यांचे रिपोर्ट मागा. चांगला माणूस उलट तुम्हालाच दहा प्रश्न विचारतो: घरात दिवसभर कोण असतं, कितव्या मजल्यावर राहता, याआधी कुत्रा होता का. तो तुम्हाला थांबायलाही लावतो, कारण त्याच्याकडे वर्षाचे बारा महिने पिल्लं तयार नसतात. सहा जातींची पिल्लं कधीही मिळतील असं सांगणारा माणूस घरात बसलेला दुकानदारच आहे.

पण माझं मन विचाराल तर दत्तक घ्या. मुंबईत वेलफेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज, वर्ल्ड फॉर ऑल यांच्यासारख्या संस्था पिल्लं आणि मोठी कुत्री दत्तक देतात. लोकांनी हौसेने आणून सोडून दिलेले लॅब, पग, शिट्झूही त्यांच्याकडे येतात. दोन-तीन वर्षांचं कुत्रं घेतलंत तर त्याचा स्वभाव पहिल्याच भेटीत कळतो, पिल्लाच्या बाबतीत तसं होत नाही. आणि आपलं देशी पिल्लू या हवेचंच असतं. आखूड नाकाचा शिट्झू ऑक्टोबरच्या उकाड्यात घोरत, धापा टाकत जगतो, देशी कुत्रं त्याच उकाड्यात जिन्यात पाय पसरून शांत झोपतं.

सोसायटीची भीती वाटत असेल तर एवढं लक्षात ठेवा की कुत्रा पाळायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही. महापालिकेचं लायसन्स आणि रेबीजच्या लशीचा दाखला फाइलमध्ये ठेवा.

आणि हे वाचेपर्यंत तुम्ही पिल्लू आणलंच असेल, तर कोणी तुम्हाला बोल लावणार नाही, मी तर नाहीच. चोवीस तासांच्या आत जवळच्या डॉक्टरला दाखवा. खाली रस्त्यावर सोडू नका. आंघोळ घालू नका, उबेत ठेवा. गाईचं दूध देऊ नका, दुकानात जे खात होतं तेच आधी द्या आणि हळूहळू बदला. दुकानाचं पक्कं बिल जपून ठेवा, ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तर तेच कामाला येतं. उलटी झाली, खाणं टाकलं, पिल्लू कोपऱ्यात जाऊन बसलं, तर सकाळची वाट पाहू नका. इतक्या लहान जिवाकडे एका रात्रीचीही शिल्लक नसते.

तुमच्यासाठी एक सुचवते. माझा दवाखाना मुलुंडला आहे. मागच्या गल्लीत इस्त्रीवाल्याच्या टपरीखाली एक काळी कुत्री व्यायली आहे, पांढऱ्या पंजांची. चार पिल्लं, आज पाच आठवड्यांची. इस्त्रीवाले काका तिला रोज वरणभात घालतात, पिल्लांना जंताचं औषध मी दिलंय, पहिली लस पुढच्या आठवड्यात देईन. आठ आठवडे झाल्याशिवाय मी एकही पिल्लू कोणाला देणार नाही, म्हणजे वाढदिवसाला ते तुमच्या घरी नसेलही, थोडं उशिरा येईल. दूध सुटलं की आईची नसबंदी करून तिला पुन्हा तिच्याच गल्लीत सोडायचं ठरलंय. मुलीला घेऊन या, संध्याकाळी सहानंतर, काका तेव्हा जरा मोकळे असतात. येताना एक उकडलेलं अंडं आणा. पिल्लांसाठी नाही, त्यांच्या आईसाठी.